आधी दुकान ठरवा, मग पदार्थ

संध्याकाळचे सहा वाजले की नागोया स्टेशनातल्या सोनेरी घड्याळाखाली आठ-नऊ दमलेले चेहरे माझ्याकडे बघतात आणि एकच प्रश्न येतो, "मॅडम, आज जेवायचं काय?"

मी दुभाषी. चाकणच्या कारखान्यांतले इंजिनिअर प्रशिक्षणाला जपानला जातात, त्यांच्याबरोबर जाते. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकत होते तेव्हा वाटायचं की पुढे कविता वाचू. प्रत्यक्षात आयुष्य टॉर्क, बेअरिंग आणि "यात मासा आहे का?" या तीन विषयांत गेलं. माझं माहेर मडगावचं, त्यामुळे मासे खाते. सासर जोश्यांचं, त्यामुळे घरात कांदा चिरतानाही वार बघितला जातो. दोन्ही बाजूंची वकिली करायची सवय आहे.

तर पहिली गोष्ट. "जेवायचं काय" हा प्रश्न जपानमध्ये उलटा विचारायचा असतो. आपल्याकडे एकाच मेन्यूकार्डावर इडली, पावभाजी, हाका नूडल्स आणि पनीर कोल्हापुरी सुखाने नांदतात. तिथे उदोनचं, म्हणजे गव्हाच्या जाड शेवयांचं, दुकान उदोन देतं, तेम्पुराचं, म्हणजे पिठात बुडवून तळलेल्या तुकड्यांचं, तेम्पुरा आणि उनागीचं, म्हणजे गोड्या पाण्यातल्या वामेचं, दुकान वामच देतं. प्रत्येक प्रकारच्या दुकानाची बसायची, मागवायची आणि पैसे द्यायची रीत वेगळी. रीत माहीत असेल तर भाषा फार लागत नाही. म्हणून मी गटाला पहिल्या दिवशी न बोलता जेवता येईल अशा दुकानात नेते आणि दिवसागणिक बोलणं वाढवत जाते. तुम्हीही त्याच क्रमाने जा.

दारातच दोन-तीन गोष्टी बघून घ्या. कापडी पडदा, त्याला नोरेन म्हणतात, बाहेर टांगलेला असेल तर दुकान चालू. पडदा आत घेतला असेल तर आत दिवा दिसला, माणसं दिसली तरी बंद. दुपारचं जेवण साधारण साडेअकरा ते दोन. मग बरीच छोटी दुकानं पाच वाजेपर्यंत मिटलेली असतात. पुण्यातल्या एक ते चार बंदला हसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. आत शिरलात की सगळे मिळून "इराश्शाइमासे!" ओरडतात. त्याला उत्तर द्यायचं नसतं. आमचे लोक सुरुवातीला हात जोडून नमस्कार करत सुटतात. फक्त किती जण ते बोटांनी दाखवा आणि बसवतील तिथे बसा.

नऊ जण एकत्र हिंडू नका. ही चूक मी स्वतः केली आहे. एका गल्लीतल्या दुकानात मी मोठ्या ऐटीत नऊ बोटं दाखवली. आत एकूण आठ खुर्च्या, त्यातल्या पाच भरलेल्या. म्हाताऱ्या मालकाने आमची इतकी माफी मागितली की आम्हालाच गुन्हेगार वाटायला लागलं. तिघा-चौघांचे गट करा.

गर्दीच्या ठिकाणी दाराशी एक वही असते. तिच्यात नाव आणि माणसं लिहायची आणि बाहेर बसायचं. आडनाव छोटं लिहा. माझं आडनाव तिथे गंमतच करतं. 'जोशी' म्हणजे जपानीत बाई, आणि 'ओ' जरा लांबवला तर साहेब. दोन्ही बरोबरच आहे म्हणून मी हाकेला ओ देते.

पहिला दिवस: बटण दाबा

रामेनची, म्हणजे रश्श्यातल्या शेवयांची, बरीच दुकानं, स्टेशनातले उभ्याने खायचे सोबा (कुट्टूच्या शेवया) आणि उदोनचे ठेले आणि स्वस्त भाताच्या काही साखळ्या इथे दारात एक यंत्र असतं. पैसे आधी, चिठ्ठी हातात, मग जेवण. चिठ्ठीला शोक्केन म्हणतात. जुन्या यंत्रात नोट घातल्याशिवाय बटणं उजळत नाहीत, म्हणून "यंत्र बिघडलंय" असं ठरवून परत फिरू नका. नव्या यंत्रांवर बरेचदा चित्रं आणि इंग्रजी असतं. काहीच कळलं नाही तर वरच्या रांगेतलं डावीकडचं पहिलं बटण दाबा. दुकानाचा ठेवणीतला पदार्थ बहुधा तिथेच असतो.

एक सावधगिरी मात्र हवी. भातावर पातळ काप पसरलेले, तपकिरी, कांद्याबरोबर शिजवलेले असं चित्र दिसलं तर ते चिकन नव्हे. ते ग्यूदोन, म्हणजे गोमांस. आमच्या गटातल्या दोघांना हे अर्ध्या वाटीनंतर कळलं. त्यानंतर सगळ्यांना मी तीन शब्द पाठ करायला लावते: ग्यू म्हणजे गाय, बुता म्हणजे डुक्कर, तोरी म्हणजे कोंबडी. फोनचा कॅमेरा बटणांवर धरून भाषांतर करून घ्या, बऱ्यापैकी जमतं.

नोटांचं एक लचांड आहे. ३ जुलै २०२४ पासून जपानमध्ये नव्या नोटा आल्या आणि छोट्या दुकानांतली काही जुनी यंत्रं त्या ओळखत नाहीत. हजार येनच्या जुन्या नोटा आणि नाणी जवळ असलेली बरी. शंभर येनला अंदाजे साठ रुपये धरून हिशेब करा, थोडं इकडेतिकडे.

पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाचता येत होतं आणि तोच घोटाळा झाला. एका बटणावर 'काएदामा' लिहिलेलं. पुस्तकात मी त्या शब्दाचा अर्थ 'तोतया' असा शिकले होते, परीक्षेला दुसऱ्याच्या नावावर बसणारा. रामेनच्या दुकानात तोतया काय करतोय या कुतूहलाने मी ते दाबलं, शिवाय सगळ्यांत स्वस्त होतं. आचाऱ्याने चिठ्ठीकडे पाहिलं, माझ्यासमोरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि गोंधळला. काएदामा म्हणजे वाटीतल्या शेवया संपल्या की उरलेल्या रश्श्यात टाकायच्या जादा शेवया. माझ्यापुढे वाटीच नव्हती. त्याने मला हाताला धरून नव्हे, पण जवळजवळ तसंच, यंत्रापर्यंत परत नेलं.

चिठ्ठी फळीवर ठेवली की आचारी काहीतरी विचारेल. शेवया कडक की मऊ, लसूण घालू का, असलंच काहीतरी. "फुत्सू" म्हणा, म्हणजे नेहमीसारखं. वाटी आली की बोलणं बंद आणि भुरके चालू. लहानपणी आमटीचा भुरका मारला म्हणून ज्यांनी धपाटे खाल्लेत त्यांना इथे न्याय मिळतो. आवाज करून ओढल्याने शेवया जरा निवतात आणि वासही नाकापर्यंत जातो. वीस मिनिटांत उठा, मागे रांग असते. उठताना वाटी समोरच्या उंच फळीवर ठेवा आणि "गोचिसोसामा देश्ता" म्हणा. आपल्या 'अन्नदाता सुखी भव'च्या जवळचं आहे ते.

दुसरा दिवस: ताट

तेइशोकु म्हणजे जपानी थाळी. बाहेर काचेच्या कपाटात प्लास्टिकचे नमुने मांडलेले असतील तर आणखी सोपं, बोट दाखवलं की झालं. हे नमुने इतके हुबेहूब असतात की आमच्यातल्या एकाला तळलेला झिंगा खरा वाटला आणि "दिवसभर बाहेर ठेवलाय, नको" म्हणून तो अडून बसला. गिफू प्रांतातलं गुजो हाचिमान हे गाव या कारागिरीसाठी प्रसिद्ध आहे. तोक्योत काप्पाबाशीच्या बाजारात ते विकतही मिळतात.

दुपारी ८०० ते १२०० येनमध्ये बऱ्याच ठिकाणी ताट येतं. 'हिगावारी' लिहिलं असेल तर ती आजची खास थाळी, सहसा स्वस्त आणि ताजी. मासे खाणाऱ्यांनी साबा शिओयाकी मागवा. साबा म्हणजे आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ. नुसतं मीठ लावून भाजलेला, बाजूला किसलेल्या मुळ्याचा छोटा ढीग. ना मसाला, ना खोबरं, ना कोकम. माझ्या आईने खाऊन "आजारी माणसाचा बांगडा" असा शेरा मारला होता, आणि मग काट्यापर्यंत साफ केला.

आता ताटाकडे नीट बघा. आपल्याकडे मीठ-लिंबू-चटणी डावीकडे आणि भाजी उजवीकडे, हे चुकलं की आजी ताट परत वाढायला लावायची. त्यांचंही तसंच आहे. पुढे डाव्या हाताला भाताची वाटी, उजव्या हाताला मिसो सूप, मुख्य पदार्थ मागे, चॉपस्टिक्स सगळ्यांत पुढे आडव्या. खाताना वाट्या इकडेतिकडे झाल्या तर परत जागेवर ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांच्यात आणि माझ्या आजीत फरक फक्त नऊवारीचा.

एक गोष्ट मात्र अंगवळणी पडायला वेळ लागतो. भाताची वाटी डाव्या हातात उचलून तोंडाजवळ न्यायची. वाटी टेबलावर ठेवून वर वाकून खाणं तिथे गावंढळ दिसतं. डावा हात जेवणाला लावायचा नाही हे आपल्याला इतकं ठसवलेलं असतं की आमच्या लोकांचे डावे हात टेबलाखाली लपलेले असतात. काढा बाहेर.

चॉपस्टिक्स कशाही धरा, कोणी हसत नाही. नॅपकीन मागा, काटा मागा, हेही चालतं. दोनच गोष्टी करू नका. भातात चॉपस्टिक्स उभ्या खोचायच्या नाहीत, कारण तसा भात मृताला वाढतात. आणि एकाच्या चॉपस्टिक्समधून दुसऱ्याच्या चॉपस्टिक्समध्ये घास द्यायचा नाही. दहनानंतर नातेवाईक अस्थी अशाच दोन काड्यांच्या जोड्यांनी उचलून कलशात ठेवतात. पिंडाचा भात आणि अस्थी, एवढं सांगितलं की मराठी माणसाला आणखी समजवावं लागत नाही.

फिरता पट्टा

काइतेन-झुशी, म्हणजे पट्ट्यावर फिरणाऱ्या सुशीच्या दुकानात आमचे इंजिनिअर जेवण विसरतात. १९५८ मध्ये योशिआकी शिराइशी यांनी ओसाकाजवळ असं पहिलं दुकान काढलं. कल्पना सुचली ती बिअरच्या कारखान्यातला कन्व्हेयर बघून. हे मी सांगते आणि पुढची दहा मिनिटं पट्ट्याच्या वेगावर चर्चा चालते.

आता मात्र बऱ्याच साखळ्यांत पट्टा नावालाच उरलाय. २०२३ मध्ये काही टवाळ पोरांनी फिरत्या ताटल्यांशी आणि सॉसच्या बाटल्यांशी केलेल्या चाळ्यांचे व्हिडिओ पसरले, त्यानंतर तर फारच. तुम्ही समोरच्या पडद्यावर मागवता आणि तेवढीच ताटली सुसाट तुमच्यापुढे येऊन थांबते. "म्हणजे पुश सोडून पुलवर आले," असं आमच्या एका प्रॉडक्शन मॅनेजरने निदान केलं. कानबान, म्हणजे पुढून मागणी आली की मगच माल पाठवायची कारखान्यातली पद्धत, शिकायला आलेल्या माणसाला ते सुशीच्या दुकानात कळलं, ही आमची त्या खेपेची कमाई. पडद्यावर भाषा बदलायचं बटण असतं.

टेबलावर एक काळा नळ दिसेल, त्याखाली कप दाबला की पाणी येतं. ते हात धुवायचं पाणी नाही. ते चहासाठीचं उकळतं पाणी आहे. आमच्यातले एक गृहस्थ जेवणाआधी हात धुवायला बोटं पुढे करून बसले होते, मी वेळेवर ओरडले. शेजारच्या डबीतली हिरवी पूड कपात घाला, वर पाणी घ्या, झाला चहा. वासाबी, म्हणजे ती झणझणीत हिरवी चटणी, वेगळी, छोट्या पुड्यांत असते.

सॉसमध्ये सुशी बुडवताना मासा खाली करा. भात बुडवलात तर भात सॉस पिऊन फुटतो. हाताने खाल्लं तरी चालतं. उरलेल्या ताटल्यांच्या चळतीवरून किंवा पडद्यावर बिल होतं. शाकाहारी माणूस इथेही उपाशी राहत नाही. काकडीचा काप्पा माकी आहे, गोड तळलेल्या तोफूच्या पिशवीतला इनारी आहे (ती पिशवी बहुतेक माशाच्या पाण्यात शिजलेली असते, त्याबद्दल पुढे), फ्रेंच फ्राइज आहेत आणि आइस्क्रीम.

नागोयाची सकाळ

हॉटेलचा नाश्ता एक दिवस सोडा. नागोया आणि आसपास जुन्या धाटणीच्या कॉफीच्या दुकानात, किस्सातेनमध्ये, सकाळी अकराच्या आत कॉफी मागवली की तिच्याच पैशात टोस्ट येतो, बहुधा उकडलेलं अंडंही. याला 'मोनिंगु' म्हणतात. शेजारच्या इचिनोमिया गावचे लोक सांगतात की सुरुवात त्यांच्याकडे झाली. गाव कापडाचं. मागांच्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही म्हणून कारखानदार गिऱ्हाइकाला घेऊन कॉफीच्या दुकानात बसायचे, आणि रोजच्या गिऱ्हाइकांना मालक कॉफीबरोबर शेंगदाणे, अंडं असं काहीबाही द्यायला लागले. इचिनोमिया म्हटलं की मला दर वेळी इचलकरंजी ऐकू येतं.

ओगुरा टोस्ट मागवा. जाड पाव, लोणी, आणि वर अझुकी या लाल कडधान्याचं गोड सारण. डोळे मिटून खाल्लंत तर ते पुरण आहे, फक्त वेलची-जायफळ नाही. पुरणपोळी आणि ब्रेड-बटर यांचं लग्न लागलंय असं समजा. हा पदार्थ मी ज्याला खायला घातला तो पहिल्या घासाला हसला आणि दुसऱ्या घासाला गप्प झाला.

शाकाहाऱ्यांसाठी, जरा सविस्तर

"नो मीट" म्हणून चालत नाही. 'निकु' म्हणजे मांस म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर गाय आणि डुक्कर येतं. कोंबडी, हॅम, बेकनचे तुकडे हे त्यात मोजायचे हे त्यांना सुचतच नाही. आणि खरा प्रश्न डोळ्यांना दिसणारा नाहीच. तो दाशीचा आहे. दाशी म्हणजे जवळजवळ सगळ्या जपानी स्वयंपाकाचं पायाचं पाणी. ते बहुधा कात्सुओबुशीचं, म्हणजे वाळवून, धुरी देऊन लाकडासारख्या टणक केलेल्या माशाच्या किसाचं असतं. मिसो सूप, सोब्याचा रस्सा, तेम्पुराबरोबरचं बुडवण, उकडलेल्या भाज्या, सगळ्यांत ते. म्हणजे समोर निव्वळ वांगं असतं आणि वांग्यात मासा असतो.

म्हणून आधी घरी ठरवून या की दाशी चालणार का. चालणार असेल तर आयुष्य सोपं आहे. मी कुणाला काय खा ते सांगत नाही, पण ठरवून या. तिथे भुकेल्या पोटी तत्त्वचर्चा फार वाईट होते. चालणार नसेल तर कागदावर जपानीत लिहून घ्या: मांस, कोंबडी, मासे, झिंगे-शिंपले आणि माशाची दाशी खात नाही, कोम्बूची, म्हणजे समुद्री वनस्पतीची, दाशी चालेल. अंड्याचंही लिहा. कागद मागवायच्या आधी दाखवा, ताट आल्यावर नाही. "हे काढून द्या" म्हणू नका, "असं काही आहे का" विचारा. नाही म्हणाले तर मुकाट्याने बाहेर पडा. त्यांना नाही म्हणताना तुमच्यापेक्षा जास्त त्रास होत असतो.

तोक्यो स्टेशनात केइयो लाइनकडे जाणाऱ्या बाजूला, तिकीट फाटकाच्या आत, टीज तानतान नावाचं पूर्ण वीगन रामेनचं दुकान आहे. नागोयाच्या परिसरातल्याच कोकोइचिबान्या या करीच्या साखळीत शाकाहारी करी वेगळी मिळते. सगळ्या शाखांत असेलच असं नाही, विचारून घ्या. जपानी करी गोडसर आणि घट्ट, पिठल्याच्या अंगाची. आपल्या धाटणीच्या करीची तोक्योतली जुनी खूण हवी असेल तर शिंजुकूचं नाकामुराया. १९१५ मध्ये इंग्रजांपासून पळून आलेले क्रांतिकारक राशबिहारी बोस त्या दुकानाच्या मालकांकडे लपले, पुढे त्यांचे जावई झाले आणि १९२७ मध्ये तिथे भारतीय करी सुरू झाली. तिच्यात कोंबडी असते, हे शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवा. नुसती वरण-भाताचीच आठवण आली तर निशिकासाईला जा. आपली बरीच कुटुंबं तिथे राहतात.

पण सगळ्यांत मोठं सुख कोयासानला आहे. एका खेपेला आमच्या गटात एक माळकरी काका होते. कांदा-लसूणही नाही. आठवडाभर ते केळी, दही, मीठ लावलेला भात आणि घरून आणलेल्या शेंगदाण्याच्या चटणीवर राहिले, तक्रार शून्य. शनिवारी मी सगळ्यांना ओसाकाच्या नाम्बाहून नानकाई रेल्वेने कोयासानला घेऊन गेले. शेवटी केबल कारने चढून जायचं. कूकाई या बौद्ध आचार्यांनी नवव्या शतकात वसवलेला हा डोंगरमाथा, आणि इथल्या पन्नासेक मंदिरांत मुक्काम करता येतो. मुक्कामाला शुकुबो म्हणतात, जेवणाला शोजिन र्‍योरी.

संध्याकाळी साडेपाचलाच जेवण. उशीर करू नका, भिक्षू थांबत नाहीत. तातामीच्या चटईवर गादी, पुढे लाल लाखेचे छोटे पाट, त्यांवर झाकणाच्या वाट्या. मांडी घातली तरी चालते. एक तरुण भिक्षू एकेक पदार्थ दाखवत गेला आणि मी भाषांतर करत गेले. गोमादोफू: नावाला तोफू, पण सोयाबीनचा नव्हे, तीळ वाटून कुझू या वेलीच्या मुळांच्या खळीत घोटलेला. कोयादोफू: थंडीत गोठवून वाळवलेला, स्पंजासारखा रस धरणारा. भाज्यांचा तेम्पुरा. रस्सा कोम्बू आणि शिताके अळंबीचा. मी विचारलं, कांदा-लसूण? तो म्हणाला, इथे पाच उग्र वासाच्या भाज्या वर्ज्य आहेत. कांदा, लसूण त्यांतच. काकांनी भाषांतराची वाट पाहिली नाही. त्यांनी गळ्यातली माळ बाहेर काढून त्या भिक्षूला दाखवली. भिक्षूने मनगटातली जपमाळ दाखवली. मग काका शांतपणे जेवले. सगळं जेवले, आणि भात परत मागून घेतला.

राहणं आणि दोन्ही वेळचं जेवण मिळून माणशी पंधरा हजार येनच्या पुढे धरा, आणि आधी आरक्षण करा. सकाळी सहाच्या आसपास प्रार्थना असते, चुकवू नका.

इझाकाया, म्हणजे गप्पांचं दुकान

इथे मात्र बोलावं लागतं. इझाकाया म्हणजे दारू आणि तिच्याबरोबर छोट्या छोट्या ताटल्या, ऑफिस सुटल्यावरची जागा. न पिणाऱ्यांनी "ऊलॉन्गचा" म्हणावं, थंड चहा येतो. बसल्या बसल्या, न मागवता एक इवलीशी वाटी पुढे येईल. ती फुकट नाही आणि फसवणूकही नाही. तिला ओतोशी म्हणतात, बसण्याचे पैसे समजा, माणशी तीनशे ते पाचशे येन. आमच्याकडचे लोक बिलावर यावरून हुज्जत घालतात आणि ती मला जपानीत करावी लागते, म्हणून हे इथे ठळक सांगते: द्या आणि गप्प बसा.

हाक मारायला "सुमिमासेन!" जरा मोठ्यानेच. पुण्यात वेटरला "अहो" म्हणावं तसं. एकदम सगळं मागवू नका, दोन-तीन ताटल्या मागवत राहा. ताटल्या सगळ्यांत मिळून असतात, प्रत्येकाला वाढून घ्यायला छोटी बशी मिळते. स्वतःचा ग्लास स्वतः भरायचा नाही, शेजाऱ्याचा भरायचा. तो तुमचा भरेल. सगळ्यांचे ग्लास येईपर्यंत थांबा आणि "काम्पाई" झाल्यावरच प्या. चपला काढायच्या ठिकाणी भोकं नसलेले मोजे घाला. हा सल्ला मी विमानतळावरच देते.

ओसाकाला गेलात तर कुशिकात्सूच्या दुकानात जा. काडीला लावून तळलेले तुकडे, आणि पुढ्यात सगळ्यांचा मिळून एक सॉसचा डबा. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की दुसऱ्यांदा बुडवायचं नाही. चावलेली काडी परत डब्यात गेली की डबा उष्टा. जपानीत 'उष्टं' याला नेमका शब्द मला आजवर सापडलेला नाही, पण त्या पाटीत तोच जीव आहे. सॉस कमी पडला तर कोबीच्या पानाने उचलून वर घालतात. हल्ली बऱ्याच ठिकाणी डबा जाऊन बाटली आली आहे.

काउंटर आणि काइसेकी

इथे मी थोडक्यात आवरते, कारण माझ्या खिशाची धाव कमी. आचाऱ्यासमोर बसून 'ओमाकासे', म्हणजे तुम्ही द्याल ते, ही सुशी रात्री वीस-तीस हजार येन सहज घेते. तेच दुकान दुपारी पुष्कळ कमी पैशात जेवू घालतं, तेव्हा दुपारी जा. आरक्षण हॉटेलवाल्यांकडून करून घ्या आणि केलं की मोडू नका. ऐनवेळी न गेल्यास पूर्ण पैसे घेतात. अत्तर लावू नका. तुकडा पुढे ठेवला की लगेच खा, फोटो एकच. जे काही खात नसाल ते आरक्षणाच्या वेळीच सांगा, आणि फार काही खात नसाल तर ओमाकासेच्या वाटेला जाऊ नका.

क्योतोच्या काइसेकीतही, म्हणजे एकामागून एक छोटे पदार्थ येणाऱ्या पारंपरिक जेवणातही, दुपार स्वस्त. वाटीचं झाकण चिकटलं तर वर ओढू नका. वाटीच्या कडा दोन्ही बाजूंनी हलकेच दाबा, हवा शिरते आणि झाकण सुटतं. भात सगळ्यांत शेवटी, लोणचं आणि सूपाबरोबर येतो. आपल्याला आधी वरण-भाताची सवय, त्यामुळे "भात कधी?" असं सारखं वाटत राहतं. भात आला म्हणजे जेवण संपलं.

पैसे बहुतेक ठिकाणी दाराजवळच्या गल्ल्यावर. नोटा हातात देऊ नका, छोट्या ट्रेमध्ये ठेवा. टीप नाही. एकदा मी दोनशे येन टेबलावर ठेवून निघाले, तर सिग्नलपर्यंत मुलगी धावत आली, "आपण विसरलात!" मी तिला "ठेव तुला" म्हणायचा प्रयत्न केला. सिग्नल दोनदा हिरवा झाला. शेवटी मी ते घेतले. कोन्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या सर्ववस्तू दुकानातून, काही घेऊन तिथेच खाणार असाल तर सांगा, कारण बसून खाल्लं तर कर १० टक्के आणि घेऊन गेलात तर ८.

परतीच्या दिवशी नागोयाच्या फलाटावर गाडीला बारा-पंधरा मिनिटं असतील तर किशिमेन खाऊन घ्या. रुंद, पट्टीसारख्या शेवयांची वाटी, फलाटावरच्या ठेल्यात, उभ्याने. बॅग दोन पायांमध्ये धरा. वरचा कात्सुओबुशीचा कीस वाफेने हलत असतो, तो थांबायच्या आत सुरुवात करा. सहा-सात मिनिटांत वाटी रिकामी होते. ती फळीवर ठेवा, "गोचिसोसामा" म्हणा आणि तुमच्या डब्याच्या खुणेवर जाऊन रांगेत उभे राहा.